शरीरातली दवंडी

(खर्डी इथे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावपाड्यांवर काम करणाऱ्या बायकांचं दोन दिवसांचं आरोग्य शिबिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



काल रात्री गाणी संपल्यावर आपण चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहिले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीकडून लिहून घेतले. नावं घालायची नव्हती, म्हणून बायांनी मोकळेपणाने विचारलं. त्यातल्या पाच चिठ्ठ्या मी आज बरोबर आणल्या आहेत. त्या आधी वाचते.

पहिली : ‘माझ्या मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. पोटात काही नाही. मग ते रक्त जातं कुठे?’

दुसरी : ‘डॉक्टर म्हणाले थायरॉईड आहे, गोळी जन्मभर घ्यायची. हे खरं की दुकान चालवायचं?’

तिसरी : ‘नवरा दारातून आत यायच्या आधीच माझी छाती धडधडते, पोटात गोळा येतो. हा कुठला आजार?’

चौथी : ‘तीन महिन्यांचं इंजेक्शन घेऊ का? घरी कळता कामा नये.’

पाचवी : ‘पिशवी काढली. तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, झोप नाही. माझं वय तेहतीस.’

पाच बायका, पाच वेगळी दुखणी. पण मी रात्री चिठ्ठ्या पुढे ठेवून बसले तेव्हा लक्षात आलं, या पाचही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणाहून सुरू होतं. ते ठिकाण म्हणजे आपल्या शरीरातल्या काही लहान लहान ग्रंथी आणि त्या रक्तात सोडतात ते पदार्थ. शाळेच्या पुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात, डॉक्टर हार्मोन म्हणतात. आपण हार्मोनच म्हणू, कारण रिपोर्टवर आणि मेडिकलवाल्याच्या तोंडी तोच शब्द येतो.

फोन आणि दवंडी

शरीरात निरोप पोचवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक मज्जातंतूंची. तव्याला बोट लागलं की क्षणात हात मागे येतो. हा फोन झाला : इथून तिथे, एकाला एक. दुसरी तऱ्हा दवंडीची. कोतवाल गावभर फिरून ओरडतो, ऐकू सगळ्यांना जातं, पण ‘ज्यांचा रेशनचा कागद राहिलाय त्यांनी चावडीवर या’ म्हटलं की तेवढेच उठतात. हार्मोनचं असंच आहे. ग्रंथी ते रक्तात सोडते. रक्ताबरोबर ते डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे जातं. पण ज्या अवयवाच्या पेशींवर त्या हार्मोनसाठी जागा केलेली असते, म्हणजे कुलपाला किल्ली बसावी तशी, तेवढ्याच पेशी कामाला लागतात. बाकीच्या ढिम्म.

आपल्या शरीरात लाळेच्या, घामाच्या, आसवांच्या ग्रंथी आहेत. त्यांना नळी असते. लाळ नळीतून तोंडात येते. या दुसऱ्या ग्रंथींना नळी नाही. त्यांचा माल थेट रक्तात. म्हणून त्यांना अंतःस्रावी म्हणतात. लंडनमधल्या बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी १९०२ साली आतड्यातून निघणारा असा एक पदार्थ शोधला आणि १९०५ साली स्टार्लिंगनी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतवणं, हलवून कामाला लावणं. म्हणजे हे ज्ञान काही फार जुनं नाही. आपल्या आज्यांच्या आयांच्या काळात डॉक्टरांनाही ते माहीत नव्हतं.

आता ग्रंथी कुठे कुठे आहेत ते आपापल्या अंगावर हात ठेवून बघू. दोन भुवयांच्या मागे, खोल, मेंदूच्या तळाशी एक वाटाण्याएवढी ग्रंथी लटकलेली असते. तिला पियूषिका म्हणतात. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, पण बऱ्याच ग्रंथींना हुकूम तिच्याकडून जातो. तिच्याही वर मेंदूचाच एक भाग बसलेला आहे, तो तिला सांगतो. गळ्याशी, आवाजाच्या हाडाखाली, फुलपाखरासारखी थायरॉईड. तिच्या मागे तांदळाच्या दाण्यांएवढ्या चार ग्रंथी, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड, ते इन्सुलिन करतं. ते कमी पडलं किंवा त्याचं काम नीट होईना की साखरेचा आजार. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या अधिवृक्क ग्रंथी. आणि ओटीपोटात गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजकोश. पुरुषाला त्याजागी वृषण.

हा माल किती लागतो? एका मिलिलिटर रक्तात कितीतरी हार्मोन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतकी, काही तर त्याहूनही कमी असतात. इतक्या थोड्याशावर आपली उंची, पाळी, दूध, झोप, वजन चालतं. म्हणून बाहेरून हार्मोन देताना मात्रा आणि वेळ, दोन्ही महत्त्वाची. एक उदाहरण देते. बाळंतपणात कळा आणणारं ऑक्सिटोसिन पियूषिकेतूनच येतं. बाळ जन्मल्याबरोबर ते टोचलं तर पिशवी आकसते, रक्तस्राव आवरतो, बाईचा जीव वाचतो. बाळाला लगेच छातीशी घेतलं तरी ते सुटतं. पण तेच औषध बाळ बाहेर यायच्या आधी, घाई करण्यासाठी, घरी कुणी टोचलं तर पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. औषध एकच. दहा मिनिटं अलीकडे मारतं, दहा मिनिटं पलीकडे तारतं. ‘कळांचं इंजेक्शन’ घरी घ्यायचं नाही, हे पाड्यावर सांगा.

गळ्यातलं फुलपाखरू

आता दुसरी चिठ्ठी. थायरॉईडचं हार्मोन शरीराची चूल किती मोठी ठेवायची ते ठरवतं. ते कमी पडलं की चूल मंदावते. बाई थकते, थंडी वाजते, अंग सुजल्यासारखं होतं, केस गळतात, शौचाला साफ होत नाही, पाळीत रक्त जास्त जातं, दिवस राहत नाहीत. आणि घरातले काय म्हणतात? ‘आळशी आहे. झोपतेच किती!’ अशी एक बाई मला माहीत आहे. दोन वर्षं सासरी तिला कामचुकार ठरवलं, मग बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेलं. गळ्याची सूज कुणी बघितली नाही. शेवटी एक रक्ताची तपासणी झाली, गोळी सुरू झाली आणि चार महिन्यांत ती पुन्हा भात लावायला उभी राहिली. आळस नव्हता तो. पण दोन वर्षांचे टोमणे तिला कुणी परत घेऊन दिले नाहीत.

रिपोर्टवर ‘टीएसएच’ लिहिलेलं असतं. तो आकडा जास्त असला की डॉक्टर म्हणतात थायरॉईड कमी आहे. बायका गोंधळतात, जास्त मग कमी कसं? घराच्या टाकीतला बॉल आठवा. पाणी खाली गेलं की बॉल खाली येतो, नळ उघडतो. टाकी भरली की बॉल वर जातो, नळ बंद. (आता तुम्ही म्हणाल, बाई, तानसाचं आणि भातसाचं पाणी मुंबईच्या टाक्यांत जातं, आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर. खरं आहे. तो विषय आपण दुपारी घेणार आहोत.) टीएसएच म्हणजे पियूषिकेने थायरॉईडला मारलेली हाक. थायरॉईड काम करेना की ती मोठ्याने ओरडते. म्हणून आकडा वाढतो. बहुतेक ग्रंथींचा कारभार असाच चालतो : कमी झालं की हाक, पुरेसं झालं की हाक बंद. हे लक्षात ठेवा, इंजेक्शनच्या वेळी लागेल.

गोळी जन्मभर का, तर बहुतेकींची ग्रंथी एकदा बिघडली की पुन्हा पुरेसं हार्मोन करत नाही. आपण बाहेरून घालतो ते तेच हार्मोन आहे. दुकान चालवायचा मामला नाही. सकाळी उपाशीपोटी घ्यायची. आशाताई रक्तवाढीची आणि कॅल्शियमची गोळी देतात, ती हिच्याबरोबर घ्यायची नाही, चार तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर ही गोळी अंगी लागत नाही. दिवस राहिले की गोळी बंद करायची नाही, उलट लगेच तपासून घ्यायचं, कारण तेव्हा गरज वाढते. बाळाचा मेंदू आधी आईच्या थायरॉईडवर वाढतो.

आणि मीठ. थायरॉईडला कच्चा माल म्हणून आयोडीन लागतं. रोज एका माणसाला मिलिग्रॅमच्या सातव्या हिश्श्याएवढं. ते मिळालं नाही तर ग्रंथी फुगते, गलगंड होतो, आणि पोटातल्या बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो. पन्नासच्या दशकात डॉ. रामलिंगस्वामी यांनी हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ पासून देशात गलगंडाचा कार्यक्रम आहे. खाण्यासाठी साधं मीठ विकायला १९९८ साली देशभर बंदी झाली, २००० साली ती उठवली, २००६ साली पुन्हा आली. बंदी उठली-बसली, भांडणं झाली. त्यात ज्याला कुणाला जे म्हणायचं ते म्हणो, पोटुशी बाई आयोडीनशिवाय राहू नये एवढं खरं. ‘मीठ समुद्राचं आहे, त्यात आयोडीन असतंच’ हा गैरसमज आहे. आगरातल्या मिठात ते जवळजवळ नसतं, वरून घालावं लागतं. जनावरांचं, मासळीचं स्वस्त खडेमीठ आमटीत घालू नका. मीठ झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवा.

भीतीचं हार्मोन

तिसरी चिठ्ठी वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. छाती धडधडते, हा आजार कुठला?

जंगलात लाकडाला गेलात आणि समोर बिबट्या आला, तर काय होतं? मूत्रपिंडावरच्या त्या टोप्यांतून अ‍ॅड्रिनलीन सुटतं. क्षणात. हृदय जोरात, श्वास जोरात, रक्तात साखर वाढते, रक्त हातापायांकडे धावतं, पोटाचं काम थांबतं, म्हणून पोटात गोळा. हे शरीर तुम्हाला पळायला किंवा लढायला तयार करत असतं. त्याच्या मागोमाग कॉर्टिसॉल नावाचं दुसरं हार्मोन येतं, ते तासन्तास टिकतं. बिबट्या गेला की हळूहळू सगळं जागेवर येतं.

पण बिबट्या रोज संध्याकाळी सात वाजता घरीच येत असेल तर? दारू पिऊन, शिव्या देत? मग ही दवंडी रोज पिटली जाते. शरीराला जागेवर यायला सवडच मिळत नाही. झोप उडते, रक्तदाब आणि साखर वाढायला मदत होते, अंगाची झुंज द्यायची ताकद घटते, मेंदूकडून बीजकोशाला जाणारा हुकूम बिघडून पाळीही मागेपुढे होऊ शकते. तेव्हा ज्या मैत्रिणीने ही चिठ्ठी लिहिली तिला माझं सांगणं : तुझं शरीर बिघडलेलं नाही. ते बरोबर काम करतंय. ते तुला सांगतंय की इथे धोका आहे. बिघाड घरात आहे. धडधडीसाठी एकदा तपासून जरूर घे, थायरॉईड वाढलं तरी छाती धडधडते. पण तपासणीत काही निघालं नाही म्हणून ‘काही नाही, मनाचे खेळ’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. घरातल्या हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला, २००६ पासून लागू आहे, त्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तुझ्याबरोबर तिथे यायला या खोलीत बायका आहेत. ही सुद्धा हार्मोनवरचीच उपाययोजना आहे.

पाळीचं रक्त जातं कुठे?

आता पहिली चिठ्ठी. पाळी म्हणजे विटाळ, साचलेली घाण बाहेर पडणं, असं आपल्याला सांगितलेलं असतं. म्हणून पाळी चुकली की भीती वाटते, घाण आत साचतेय. तसं काही साचत नाही.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजा. पियूषिका बीजकोशाला हाक मारते. बीजकोशात काही बीजं वाढायला लागतात, त्यांतलं साधारण एक पुढे जातं. वाढता वाढता ते इस्ट्रोजेन सोडतं. इस्ट्रोजेन गर्भपिशवीच्या आतलं अस्तर जाड करतं, आपण लावणीआधी खाचर तयार करतो तसं. मग पियूषिकेकडून एक मोठा हुकूम येतो आणि बीज सुटतं. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. बीज सुटलेल्या जागेतून आता प्रोजेस्टेरॉन निघतं, ते अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला तर हे चालू राहतं. नाही राहिला तर दोनेक आठवड्यांत ते थांबतं, आधार गेला की अस्तर सुटतं, थोडं रक्त घेऊन बाहेर पडतं. एका पाळीत साधारण सहा ते आठ चहाचे चमचे. ज्या अस्तरावर बाळ रुजणार होतं ते अपवित्र कसं? देवळाच्या पायरीवर हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मग पाळी येत नाही म्हणजे या साखळीत कुठेतरी हुकूम पोचत नाही. लहान मुलीत पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनेक वर्षं घडी बसायला लागतात. थायरॉईड कमी असेल, बीजकोशात बीजं अर्धवट वाढून थांबत असतील, तरी असं होतं. आणखी एक कारण आपल्या भागात विसरता येणार नाही : उपासमार आणि अतिकष्ट. भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर गेलेल्या मुली सहा महिने ओझी वाहतात आणि भात-मिठावर राहतात. शरीर हिशेब करतं. म्हणतं, हिलाच पुरेना, दुसरा जीव कशाला, आणि हुकूम बंद करतं. अशा मुलीला नुसती ‘पाळी आणायची गोळी’ देऊन काय होणार? तिला आधी खायला हवं. दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून, तीन महिने पाळी आली नाही तर तपासून घ्यायचं, दुकानातून गोळी आणायची नाही.

या ‘पाळी आणायच्या’ औषधाचा इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेची औषधं आपल्या देशात गर्भ आहे की नाही बघायला सर्रास दिली जात. गर्भ असला तर त्याला व्यंग येण्याचा धोका. १९८२ साली बंदीचा आदेश निघाला, कंपन्या कोर्टात गेल्या. बायकांच्या संघटना, आरोग्य कार्यकर्ते मागे लागले तेव्हा १९८८ साली बंदी झाली. सहा वर्षं लागली.

इंजेक्शन : आमचं म्हणणं आणि तिचं म्हणणं

चौथी चिठ्ठी. इथे मला थोडं थांबून बोलावं लागेल, कारण यात माझी स्वतःची गोष्ट आहे.

१९८० च्या दशकात नेट-एन नावाच्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या देशात चालू होत्या. हैदराबादजवळ पाटणचेरूला बायकांना नीट न सांगताच इंजेक्शन देण्याचा घाट घातला गेला, हे तिथल्या स्त्री शक्ती संघटनेने उघड केलं. १९८६ साली ती संघटना, दिल्लीची ‘सहेली’ आणि इतर सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९३ साली डेपो-प्रोव्हेरा या दुसऱ्या इंजेक्शनला खासगी विक्रीची परवानगी मिळाली. तेव्हा मुंबईतही बायका रस्त्यावर आल्या, पत्रकं वाटली. मीही वाटली. १९९५ साली औषधांच्या केंद्रीय सल्लागार मंडळाने ते सरकारी कुटुंबनियोजनात घेऊ नये असं म्हटलं. आम्हाला वाटलं जिंकलो. आणि २०१७ साली तेच इंजेक्शन ‘अंतरा’ या नावाने सरकारी दवाखान्यांत मोफत आलं.

ते काय करतं? प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन एकदम टोचलं जातं, ते तीन महिने हळूहळू रक्तात उतरतं. टाकीचा बॉल आठवा. पियूषिकेला वाटतं, पुरेसं आहे, हाक कशाला मारू? बीज सुटत नाही. गर्भ राहत नाही. गर्भ रोखण्यात ते चांगलं आहे, अंगावर पाजणाऱ्या बाईला सहा आठवड्यांनंतर देता येतं. पण पाळीची घडी मोडते : कुणाला थोडं थोडं महिनाभर जातं, कुणाची पाळी बंदच होते. (तेव्हाही रक्त साचत नाही, अस्तरच बनत नाही.) काहींचं वजन वाढतं. हाडांतलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून अमेरिकेत २००४ पासून त्याच्या वेष्टनावर ठळक इशारा आहे. सोडल्यावर दिवस राहायला सहा महिने ते वर्ष, कधी जास्तही लागतं. २०२४ साली फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाहून जास्त वापरणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाच्या गाठीचा धोका वाढलेला दिसला. अशी गाठ मुळात विरळा असते, पण धोका वाढतो हे सांगायला हवं. आणि मुख्य म्हणजे, त्रास झाला म्हणून गोळीसारखं थांबवता येत नाही, तांबीसारखं काढता येत नाही. टोचलं ते टोचलं.

हे सगळं मी काल जेवताना एका मुलीला सांगत होते. तीन लेकरांची आई, चोवीस-पंचवीसची. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ताई, तुमचं खरं असेल. पण गोळी सासूला सापडते. निरोध म्हटलं की नवरा मारतो. तांबीला त्याची ना. ऑपरेशनला त्याची सही मागतात. हे एक इंजेक्शन आहे जे कुणाला दिसत नाही.’

मला लगेच उत्तर देता आलं नाही. आम्ही पत्रकात लिहिलं होतं, हे इंजेक्शन बाईच्या हातातला ताबा काढून घेतं. आणि ही मुलगी म्हणते, माझ्या हातात ताबा आहे तो एवढाच. दोन्ही खरं आहे. नवऱ्यापासून लपवता येतं म्हणून ते तिला हवं आहे, आणि लपवावं लागतं हाच तिचा खरा आजार आहे. नसबंदीला कायद्याने नवऱ्याची सही लागत नाही, हेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून आज मी तुम्हाला ‘घेऊ नका’ असं सांगत नाही. सांगते ते असं : टोचायच्या आधी बीपी मोजलं का, गर्भ नाही ना बघितलं का, स्तनातली गाठ, कारण न कळलेला रक्तस्राव, यकृताचा आजार विचारला का, पाळीचं काय होईल ते सांगितलं का, कार्ड दिलं का, त्रास झाला तर तीन महिन्यांत कुणाला भेटायचं ते सांगितलं का. हे सगळं झालं आणि दुसरे पर्यायही सांगितले, तर तो तिचा निर्णय. ‘घे, काही होत नाही’ एवढंच सांगून टोचलं तर त्याविरुद्ध भांडायला आपण आहोतच. आठवड्याची ‘छाया’ गोळीही सरकारी दवाखान्यात मिळते. ती लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झाली, तिच्यात हार्मोन नाही, ती इस्ट्रोजेनच्या कुलपातच अडकून बसते. तीही विचारा.

आणि एक आपल्या आपण घेतो त्याबद्दल. गणपती, सत्यनारायण, लग्न आलं की आपण मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणतो. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. ती गोळी नॉरएथिस्टेरॉनची. नेट-एन इंजेक्शनमध्ये तेच हार्मोन होतं. ज्याच्याविरुद्ध बायका सुप्रीम कोर्टात गेल्या, ते आपण विटाळाच्या धाकाने हाताने तोंडात घालतो. ज्यांच्या पायात पूर्वी रक्ताची गाठ झाली आहे त्यांच्यासाठी ते धोक्याचं आहे. देवाला चालत नसेल तर देवाशी बोलू. शरीराला शिक्षा नको.

पिशवी आणि बीजकोश

पाचवी चिठ्ठी. वय तेहतीस, अंगातून वाफा. मी विचारलं, पिशवी काढली तेव्हा बीजकोशही काढले का? तिला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं.

हा फरक प्रत्येकीला माहीत हवा. गर्भपिशवी ही बाळाची जागा. हार्मोन करतात ते बीजकोश. नुसती पिशवी काढली तर पाळी जाते, पण हार्मोन चालू राहतात, फार तर काहींचे थोडे लवकर थांबतात. बीजकोशही काढले तर त्या दिवशी इस्ट्रोजेन बंद. पंचेचाळीस ते पन्नासच्या सुमाराला हळूहळू यायचं ते एका रात्रीत येतं : वाफा, घाम, झोप नाही, संबंधाच्या वेळी दुखणं. पुढे हाडं ठिसूळ, हृदयालाही धोका. चाळीशीच्या आत असं झालं असेल तर बाहेरून हार्मोन द्यायचं का, याचा विचार डॉक्टरने करायलाच हवा. आपल्या मैत्रिणीने ऑपरेशनचा कागद मागायचा, काय काय काढलं ते वाचून घ्यायचं आणि स्त्रीरोग डॉक्टरकडे जायचं. आपण तिच्याबरोबर जाऊ.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं तुम्ही ऐकलं असेल. २०१९ साली बातम्या आल्या, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८०० हून जास्त बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. सहा जणींत एक. कितीतरी तिशी-पस्तिशीतल्या. का? फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत एक खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, अंगावरून पांढरं जातं म्हणून डॉक्टरकडे गेलं तर ‘कॅन्सर होईल’ अशी भीती. साध्या औषधाने बरं झालं असतं त्याला ऑपरेशन. २०२३ साली सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं की अनावश्यक पिशवी काढण्यावर लक्ष ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा. आदेश कागदावर आहे. वीटभट्टी आणि ऊसाचा फड यांत फार अंतर नाही, हे आपण ओळखून असावं.

शेवटचं

‘हार्मोन’ हा शब्द आता आपल्याविरुद्धही वापरतात. बाई चिडली की ‘तिचे हार्मोन’. बाईला कशाला मोठं पद, ‘महिन्याला मूड बदलतो’. पुरुषालाही हार्मोन आहेत, त्याचंही टेस्टोस्टेरॉन सकाळ-संध्याकाळ वरखाली होतं. त्याच्या रागाला कुणी हार्मोन म्हणत नाही, स्वभाव म्हणतात. बाई चिडली तर आधी विचारा, कशामुळे?

दवंडी प्रत्येक शरीरात पिटली जाते. त्यातलं किती आपल्याला कळतं हा प्रश्न आहे. आपल्या शरीरात कोण हुकूम देतं, कुणाला देतं, हे कळलं की बाहेरून कुणी परस्पर हुकूम द्यायला आलं तर आपण विचारू शकतो : हे काय आहे? किती? कशासाठी? किती दिवस? दुसरं काही आहे का? हे पाच प्रश्न आज पाठ करून जा. दवाखान्यात एकटीने तोंड उघडत नाही, दोघी गेलो की उघडतं. म्हणून जोडीने जा.

आता चहा घेऊ. नंतर ती पाण्याची चर्चा आहे. ज्यांना चिठ्ठीत लिहिता आलं नाही त्यांनी मला बाजूला घेऊन विचारा. कसाऱ्याहून येणारी दुपारची लोकल चुकली तरी चालेल, मी थांबणार आहे.